मागील पानावरून पुढे

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नव्या वहीचे पहिले पान उघडले जाते. कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाते. पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन असे 'श्री' लिहीत शिखर रचले जाते. अनेक जैन घरांत त्याखाली गौतम गणधरांची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी आणि अभयकुमाराची बुद्धी लाभावी अशी प्रार्थना लिहिण्याचा प्रघात आहे. अक्षता वाहिल्या जातात, आरती होते, घरातील लहानथोर वहीला नमस्कार करतात. या पानावर आकडा नसतो. ते पान मंगलाचे असते.

व्यवहार सुरू होतो तो दुसऱ्या पानावर. त्या पानाची पहिली ओळ मात्र कोणत्याही नव्या व्यवहाराची नसते. तेथे लिहिलेले असते, 'मागील शिल्लक'. वही नवी, शाई नवी, संवत नवे. पण पहिला आकडा जुनाच. नववर्षाच्या स्वागताची एवढी भाषणे आणि एवढे संदेश दरवर्षी कानांवर पडतात. तथापि नव्या आरंभाविषयी त्या एका ओळीइतके खरे क्वचितच कोणी सांगितले असेल.

वर्ष कोठून मोजावे, हा मनुष्याने ठरविलेला संकेत आहे. परंपरेनुसार भगवान महावीरांचे निर्वाण इ. स. पूर्व ५२७ मध्ये आश्विन अमावास्येला पावापुरी येथे झाले आणि त्यानंतरच्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून वीर निर्वाण संवत मोजले जाते. दिवाळीच्या वेळी चालू असलेल्या इसवी सनात ५२७ मिळविले की नव्या संवताचा अंक मिळतो. महाराष्ट्रात शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलते. सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होते. बँकांचे हिशेबी वर्ष पूर्वी ३१ डिसेंबरला संपत असे. १९८९ पासून ते ३१ मार्चला संपू लागले. रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे वर्ष कित्येक दशके जुलै ते जून असे चालले आणि २०२०-२१ पासून तेही एप्रिल ते मार्च झाले. प्राप्तिकराच्या कायद्याने १९८९-९० या आकारणी वर्षापासून सर्वांना ३१ मार्च हीच अखेर लागू केली. तोवर अनेक व्यापारी दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरून हिशेब देत असत. त्यामुळे आज दिवाळीला पुजली जाणारी वही कायद्याच्या दृष्टीने वर्षाच्या ऐन मध्यावर उघडते.

तारखा अशा बदलत राहिल्या. बदलला नाही तो एकच नियम : जुन्या वर्षाची अखेरची शिल्लक हीच नव्या वर्षाची आरंभीची शिल्लक. मध्यरात्रीचे ठोके पडले म्हणून त्या आकड्यात एका पैशाचाही फरक होत नाही.

मग नव्या वर्षात नवे असते तरी काय? याचे उत्तर हिशेबशास्त्राच्या अगदी पहिल्या पाठात आहे. पारंपरिक पद्धतीत खात्यांचे तीन प्रकार मानले जातात : व्यक्तिगत खाती, वास्तव म्हणजे मालमत्तेची खाती आणि नामधारी खाती. भाडे, पगार, व्याज, खरेदी-विक्री ही नामधारी खाती होत. वर्षअखेरीस ती नफा-तोटा पत्रकात नेऊन कायमची बंद केली जातात. गेल्या वर्षी विजेच्या बिलावर किती खर्च झाला, हा आकडा नव्या वर्षाच्या खतावणीत येत नाही. तेथे ते खाते शून्यापासून सुरू होते. गेल्या वर्षाचा पाऊस, गेल्या वर्षाची मंदी, हुकलेली संधी, झालेला सत्कार, झालेला अपमान ही सारी या अर्थाने नामधारी खाती आहेत. त्यांचा जो काही परिणाम व्हायचा तो भांडवलावर होऊन गेला. त्यांना पुढील पानावर नेण्याचे कारण नाही.

व्यक्तिगत खाती मात्र बंद होत नाहीत. अमुक व्यक्तीकडून येणे, तमुक व्यक्तीला देणे, ही बाकी जशीच्या तशी पुढे ओढावी लागते. वर्ष संपल्याने कोणाचे देणे फिटत नाही. मनुष्याची गफलत होते ती नेमकी येथे. जी खाती बंद करावयाची, ती तो वर्षानुवर्षे पुढे नेतो. आणि जी खाती पुढे नेऊन मिटवावयाची, त्यांच्यापुढे नव्या वर्षाच्या आनंदात शून्य लिहून मोकळा होतो.

एखाद्या तालुक्याच्या पेठेत शेजारी-शेजारी दोन दुकाने असतात. दोन्ही पाट्यांवर आडनाव एकच आणि वडिलांचे नावही एकच. मधली भिंत वाटणीच्या वर्षी उभी राहिलेली असते. वाटणीत एका गोदामाच्या किमतीवरून शब्दाने शब्द वाढलेला असतो. ते गोदाम पुढे विकले गेले, पैसे चुकते झाले, कागदोपत्री एकमेकांकडे एक रुपयाही येणे उरले नाही. तरीही दोन्ही घरांतील जाणे-येणे थांबते ते थांबतेच. दोघे भाऊ मंदिरात एकाच रांगेत बसतात, एकाच वेळी हात जोडतात, आणि बाहेर पडताना एकजण चपला शोधण्यात मुद्दाम वेळ काढतो. मुले एकमेकांच्या वडिलांचा उल्लेख 'काका' असा न करता 'शेजारचे दुकानवाले' असा करतात. नातवंडांना तर भांडणाचे कारणही ठाऊक नसते. त्यांना व्हाउचर सापडत नाही. बाकी मात्र सापडते आणि ते ती निमूटपणे पुढील पानावर नेतात.

अशी दुकाने महाराष्ट्रातील किती पेठांत आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावाकडे पाहून ठरवावे. रिवाजाप्रमाणे पाडव्याला धाकट्याने थोरल्याच्या पाया पडावयास जावे. धाकटा म्हणतो, दादांनी एकदा हाक मारावी. थोरला म्हणतो, त्याने एकदा पायरी चढावी. दोघांचेही म्हणणे रिवाजाला धरूनच असते आणि अशा वाट पाहण्यात पंधरा-वीस दिवाळ्या निघून जातात. थोरला पंचाहत्तरीला टेकला की या खात्यात एक नवीच गोष्ट येते : मुदत.

थकलेल्या खात्यांचे काय करावे, याचा विचार बँकिंगच्या शास्त्राने बारकाईने केलेला आहे. ३१ मार्च २००४ पासून आपल्या देशात बँकांना ९० दिवसांचा निकष लागू झाला. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की ते खाते अनुत्पादक गणले जाते. अशा खात्यावर कागदोपत्री व्याज आकारून ते उत्पन्न म्हणून दाखविता येत नाही; उलट नफ्यातून त्यासाठी तरतूद करावी लागते. नियमाचे मर्म साधे आहे. आजारी खात्याला आजारी म्हटल्यावाचून उपचार सुरू होत नाही.

हा नियम टाळण्याची एक पळवाटही जगभरच्या बँकांना ठाऊक आहे. थकलेल्या कर्जदाराला नवे कर्ज द्यावयाचे आणि त्याच पैशातून जुने खाते फिटल्याचे दाखवावयाचे. जुने खाते बंद, नवे खाते नियमित, सारे काही हिरवेगार. याला बँकिंगच्या परिभाषेत 'एव्हरग्रीनिंग' म्हणतात, आणि नियामकांनी हा प्रकार सदैव दोषपात्र मानला आहे. कारण देणे तेवढेच राहते, किंबहुना वाढते. बदलतो तो केवळ खात्याचा क्रमांक.

नववर्षाचे बरेचसे संकल्प हे याच जातीचे असतात. पत्नीला वर्षभर वेळ दिला नाही, ही बाकी न पाहताच 'यंदा कुटुंबासह सहल' हे नवे खाते उघडले जाते. नोकराला चारचौघांत बोललेला कठोर शब्द तसाच राहतो आणि त्याच्या हाती मिठाईचा मोठा डबा दिला जातो. भावाचे नाव वगळून दोनशे जणांना शुभेच्छा धाडल्या जातात. संकल्पात दोष नाही, सहलीत नाही, मिठाईतही नाही. दोष आहे तो जुनी बाकी झाकण्यासाठी त्यांचा उपयोग करण्यात. म्हणूनच असे संकल्प लाभपंचमीपर्यंतही टिकत नाहीत. त्यांच्याखाली थकबाकीचा पाया असतो.

जैन परंपरेने या थकबाकीची मुदत फार पूर्वीच ठरवून दिली आहे. क्रोध, मान, माया, लोभ या कषायांची तीव्रतेनुसार चार श्रेणींत विभागणी केली जाते आणि क्रोधासाठी चार रेषांचे दृष्टांत दिले जातात. संज्वलन क्रोध पाण्यावर ओढलेल्या रेषेसारखा, प्रत्याख्यानी वाळूतील रेषेसारखा, अप्रत्याख्यानी कोरड्या भूमीला पडलेल्या भेगेसारखा आणि अनंतानुबंधी पाषाणाला गेलेल्या तड्यासारखा. श्वेतांबर कर्मग्रंथांच्या परंपरेत यांची मुदत अनुक्रमे पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि यावज्जीव अशी सांगितली आहे. दिगंबर परंपरा याहून कडक आहे : संज्वलनाला केवळ अंतर्मुहूर्त, प्रत्याख्यानीला एक पक्ष, अप्रत्याख्यानीला सहा महिने, त्यापलीकडे टिकला तो अनंतानुबंधी, भवोभव पाठ न सोडणारा. आकड्यांत भेद असला तरी तत्त्व एकच आहे. रोष ही केवळ किती भडकला यावरून मोजण्याची वस्तू नव्हे. तो किती काळ टिकला यावरूनही त्याचे वर्गीकरण होते. मोठ्याने ओरडून सायंकाळपर्यंत विसरणारा मनुष्य आणि एक शब्दही न बोलता पंधरा वर्षे मनात धरणारा मनुष्य, यांपैकी अधिक धोक्यात कोण, हे या वर्गीकरणावरून सहज कळते.

प्रतिक्रमणाच्या मुदतीही याच विचाराशी जुळतात. दिवसाचे, रात्रीचे, पक्षाचे, चातुर्मासाचे आणि संवत्सराचे. प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणे, जेथे पाऊल चुकले तेथपर्यंत परत जाणे. बँकेच्या रोखपालाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दिवसाची रोकड जुळल्याखेरीज तिजोरी बंद होत नाही. फरक दहा रुपयांचा असला तरी शोधावा लागतो; कारण आज न शोधलेले दहा रुपये महिन्याभराने कोणत्या नोंदीत लपले, ते सांगता येत नाही. न जुळणारी रक्कम तात्पुरती ठेवण्यासाठी उचंत खाते असते खरे. परंतु चांगल्या शाखेची ओळख अशी की तिचे उचंत खाते रिकामे असते. मनाच्या उचंत खात्यात 'त्याविषयी नंतर पाहू' म्हणून ढकललेल्या नोंदी किती साचल्या आहेत, हे वर्षातून एकदा पाहणे पुरेसे नाही. ते रोजचे काम आहे.

भाद्रपदात संवत्सरी किंवा क्षमावाणी होते आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नवे संवत उजाडते. हा क्रम मोठा अर्थपूर्ण आहे. आधी लेखापरीक्षण, मग नवी वही. ज्याने भाद्रपदात खाती तपासली, त्याला कार्तिकातील पहिली ओळ लिहिताना हात अडखळू द्यावा लागत नाही.

स्वतःचा ताळेबंद उघडपणे मांडण्याचे एक विलक्षण उदाहरण जैन व्यापाऱ्यांच्याच इतिहासात आहे. कविवर बनारसीदास यांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूर येथे जवाहिऱ्याच्या घराण्यात झाला. व्यापारासाठी ते आग्र्यास आले आणि मुद्दल गमावून बसले. हाती काही उरले नाही, तेव्हा ते रात्री लोकांना प्रेमकथा वाचून दाखवीत आणि एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवीत. आपली स्थिती त्यांनी त्याच्यापासून लपविली नाही, आणि त्यानेही खाते चालू ठेवले. पुढे हिशेब झाला तेव्हा ती उधारी चौदा रुपये भरली आणि ती त्यांनी चुकती केली. त्यांचे तीन विवाह झाले. नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली.

१६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले तर ही अर्धीच कथा, म्हणून हे नाव. ग्रंथाच्या अखेरीस ते स्वतःचे गुण आणि दोष वेगवेगळे मांडतात, अगदी जमा आणि नावे अशा दोन बाजूंप्रमाणे. क्रोध, मान, माया अल्प, पण धनाचा लोभ मोठा. थोड्याशा लाभाने हर्ष, थोड्याशा हानीने विषाद. एकांत मिळाला की आपल्याच नादात नाचू लागणे. अध्यात्मचर्चेत रमणाऱ्या, समाजात मान असलेल्या मनुष्याने हे लिहावे याला धैर्य लागते. विशेष हे की त्यांनी या नोंदींवर तात्पर्याचा मुलामा चढविला नाही. आपण सुधारलो, असा दावा केला नाही. जी शिल्लक होती ती लिहिली. नव्या अर्ध्या कथेचा आरंभ एवढाच असू शकतो : पहिल्या ओळीत खरा आकडा.

आता प्रश्न उरतो तो बाकी मिटविण्याचा. येथेही बँकेचा एक भेद उपयोगी पडतो. येणे बुडाले असे वाटले की बँक ते पुस्तकांतून निर्लेखित करते. त्यामुळे कर्जदाराची जबाबदारी संपत नाही. पण बँकेच्या ताळेबंदावरील मृत भार उतरतो. असे निर्लेखन धनको स्वतःच्या अधिकारात करू शकतो. त्यासाठी ऋणकोची सही लागत नाही. कोणी दुखावले असेल त्याला क्षमा करणे हे असे आहे. समोरचा आला नाही, त्याने चूक मान्य केली नाही, तो या जगातही उरला नाही, तरी हे काम आज, घरी बसून करता येते. त्याचे कर्म त्याच्या खाती राहते. येथील भार उतरतो.

देण्याचे तसे नाही. कोणत्याही ऋणकोला स्वतःचे कर्ज स्वतःच निर्लेखित करता येत नाही. त्यासाठी धनकोच्या दारीच जावे लागते. ज्याला दुखावले, त्याची क्षमा मंदिरात देवासमोर मागून भागत नाही. सर्वांना एकाच वेळी पाठविलेल्या 'मिच्छामि दुक्कडम्' च्या संदेशानेही भागत नाही. सामुदायिक क्षमापना ही जाहीर सूचना आहे, भरणा नव्हे. क्षमापनेत देणे आणि मागणे या दोन्ही बाजू एकत्र आल्या आहेत, कारण प्रत्येक माणूस एकाच वेळी धनकोही असतो आणि ऋणकोही. फरक इतकाच की येणे त्याला तोंडपाठ असते आणि देणे आठवावे लागते.

नव्या संवताचा पहिला दिवस ज्या घटनेशी जोडला गेला आहे, तीही एका व्यक्तिगत खात्याचीच आहे. श्वेतांबर परंपरेनुसार निर्वाणापूर्वी भगवंतांनी गौतम गणधरांना देवशर्मा नावाच्या ब्राह्मणास बोध करण्यासाठी जवळच्या गावी पाठविले. परतताना त्यांना निर्वाणाची वार्ता समजली. अखेरच्या क्षणी आपल्याला दूर का धाडले, या विचाराने ते शोकाकुल झाले, विलाप करू लागले. त्या विलापातच त्यांना जाणवले की वीतरागाला कोणाविषयीच राग नसतो. उरलेला राग केवळ आपला आहे. ते एक सूक्ष्म बंधन गळून पडले आणि प्रतिपदेच्या पहाटे त्यांना केवलज्ञान झाले. दिगंबर परंपरा ही ज्ञानप्राप्ती अमावास्येच्या सायंकाळची मानते. दोन्ही परंपरांत वियोग आणि ज्ञान यांच्यामध्ये एका दिवसाचेही अंतर नाही. नववर्षाचा हा दिवस दुःख विसरून उगवला नाही. दुःखाच्या खात्याकडे सरळ पाहून, त्यात स्वतःच्या नावे काय आहे ते ओळखून तो उगवला.

गणधरांची ती अवस्था संसारी माणसाच्या आवाक्यात नाही. त्याच्या आवाक्यात एक खाते आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वही मिटल्यावर प्रत्येकाने कोरा कागद घ्यावा आणि त्यावर एकच नाव लिहावे. ते कोणते, हे फार वेळ शोधावे लागत नाही. शुभेच्छांच्या यादीतून बोट जे नाव ओलांडून पुढे जाते, तेच ते. त्यापुढे येणे लिहावे आणि देणेही लिहावे. येणे त्याच रात्री निर्लेखित करावे. देणे सकाळी चुकते करावयास निघावे.

पेठेतील त्या दोन दुकानांमधील भिंत पाडण्याची आवश्यकता नाही. वाटणी झाली ती झाली. व्यवहार वेगळे असणे हा दोष नव्हे. आवश्यक आहे ते एका दुकानाच्या तीन पायऱ्या उतरून दुसऱ्याच्या तीन पायऱ्या चढणे. कोणी आधी निघावे, हा प्रश्न वयाचा किंवा मानाचा नाही. ज्याला आपले देणे आधी आठवले, त्याने निघावे. गोदामाचा विषय काढू नये. ते खाते नामधारी होते आणि कधीच बंद झाले आहे. 'दादा, आत येऊ का?' किंवा 'अरे, चहा टाकला आहे, ये', एवढा भरणा पहिल्या दिवशी पुष्कळ होतो. उरलेली बाकी पुढे चालू राहील, आणि तसे होण्यात काही वावगे नाही. हप्ते येऊ लागलेल्या खात्याला कोणी बुडीत म्हणत नाही.